कापड गरम असताना

टाळ्या थांबल्या तेव्हा खारूच्या लक्षात आलं की आपणही वाजवत होतो, आणि शेजारणीपेक्षा जरा जोरातच. हात अजून छातीशी होते, तळवे चुरचुरत होते. पुढच्या बाकाशी डॉक्टरांची लेक मान खाली घालून उभी होती, आणि ज्या निबंधासाठी सगळा वर्ग तिच्याकडे कौतुकानं बघत होता तो निबंध खारूनं लिहिला होता. सरांनी पहिलं वाक्य वाचलं तेव्हा तिला वाटलं, वा, कुणाला तरी आपल्यासारखंच सुचलं की. दुसऱ्या वाक्याला कानशिलं तापली. तिसऱ्याला, जिना उतरताना एक पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं झालं. मग ती नुसती ऐकत राहिली. चांगलं काही वाचायचं असलं की सर आवाज खाली नेत, शब्दाशब्दावरून हात फिरवत वाचत. कपड्यांच्या बोचक्यावर वही ठेवून लिहिलेली तिची वाक्यं त्या आवाजात अशी काही दिसायला लागली होती, की जणू आंघोळ करून, केस विंचरून, दुसऱ्याच कुणाच्या तरी घरातून निघून ती वर्गात आली आहेत. ती इतकी देखणी दिसली की टाळ्यांची वेळ झाली तेव्हा हात आपोआप वर आले. हातांना कुठं माहीत होतं निबंध कुणाचा ते. त्यांना फक्त एवढंच माहीत होतं की सर थांबले की वाजवायचं.

निबंध निनावी मागवले होते. विषय होता ‘विचारस्वातंत्र्य आणि आपलं शिक्षण’. ‘नाव नको, घराणं नको, बापाचा धंदा नको,’ सर म्हणाले होते, ‘कागदावर फक्त विचार हवा.’ नावाच्या जागी एक आकडा, आणि तो कुठल्या हजेरी क्रमांकाचा ते बंद पाकिटात. सगळं कसं चोख. पण पाकीट फोडायचे कष्ट सरांनी घेतलेच नाहीत. निबंध संपला, चष्मा कपाळावर गेला, आणि त्यांची नजर, रोजच्या रस्त्यानं घरी जाणाऱ्या माणसासारखी, इकडंतिकडं न बघता पहिल्या बाकावर जाऊन थांबली. ‘पाकीट कशाला फोडायचं,’ ते हसून म्हणाले, ‘घरचं वळण लपत नसतं. ऊठ गं बाळ.’ आणि बाळ उठली. आधी जराशी गोंधळली, इकडंतिकडं बघितलं, काहीतरी बोलायला तोंडही उघडलं असावं, पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या आणि टाळ्यांत उभं राहायची तिला लहानपणापासून सवय होती. ‘आणि ही इस्त्रीची उपमा बघा,’ सर टाळ्यांवरून आवाज चढवून म्हणाले, ‘जिनं जन्मात इस्त्री हातात धरली नसेल तिला हे दिसलं कसं? यालाच म्हणतात प्रतिभा. जे आपण जगलो नाही ते दिसणं.’ इस्त्री म्हटल्यावर तिसऱ्या बाकावरच्या दोघीतिघी मागं वळून खारूकडं बघून हसल्या, कारण शाळेत तिला सगळे ‘इस्त्री’च म्हणत. हसल्या आणि परत पुढं बघायला लागल्या. इतकं जवळ येऊन कुणालाच काही कळलं नाही. दारापर्यंत यावं, दारावरची पाटी वाचावी, आणि चुकीचं घर समजून निघून जावं, तसं सगळा वर्ग तिच्यापाशी येऊन परत गेला.

तिच्या बापाचं टेबल शाळेच्याच रस्त्याला, कोपऱ्यावरच्या इमारतीच्या जिन्याखाली होतं. अर्ध्या शाळेचे गणवेश त्या टेबलावरून जात. खारू माणसं ओळखायची ती आधी त्यांच्या कॉलरीवरून. सरांची कॉलर आतून नेहमी काळी असे आणि बाहेरून नेहमी कडक. मोठ्या बाईंच्या साड्यांना औषधाच्या गोळ्यांचा वास येई. डॉक्टरांच्या लेकीच्या गणवेशाच्या खिशात कायम च्युइंगमचे चांदीचे कागद सापडत, ते बाप काढून, सरळ करून, परत खिशात ठेवत असे, कारण गिऱ्हाइकाचा कचरापण गिऱ्हाइकाचा. पाण्याचा हबका मारायचा, कोळशाची जड इस्त्री गालाजवळ नेऊन धग बघायची, मग एकदा आडवी, एकदा उभी. या सगळ्यात बापाचं एक पालुपद होतं: ‘गरम असताना घडी घालू नकोस. टांगू दे जरा. गरम कापडावर रेघ बसली की ती बसली.’ हे तिनं इतक्यांदा ऐकलं होतं की आईच्या खोकल्यासारखं ते तिला ऐकूच येईनासं झालं होतं. आणि मग एका दुपारी, बाप जेवायला गेलेला असताना, बोचक्यावर वही टेकून विचारस्वातंत्र्य म्हणजे काय बुवा असं पेन चावत बसलेली असताना (या खारीसारख्या चावण्यावरूनच तर बापानं तिचं नाव खारू पाडलं) तिच्यासमोर टेबलावर पाचवीतल्या कुणाचा तरी इवलासा शर्ट पडलेला होता, वाफ निघणारा, आणि तिला एकदम ते ऐकू आलं. ‘कापड गरम असताना घडी घातली की रेघ कायमची बसते,’ तिनं लिहिलं, ‘आमची घडी पाचवीतच घालतात.’ लिहून झाल्यावर तिनं इकडंतिकडं बघितलं, कुणी बघितलं तर नाही ना, जसं काही दुसऱ्याच्या खिशातून काहीतरी उचललं होतं. असं कधी झालं नव्हतं. बीजगणित सुटलं की बरं वाटायचं, पण ते म्हणजे कुलूप उघडल्यासारखं. हे म्हणजे भिंतीत दार आहे असं कळल्यासारखं होतं. त्या दाराच्या पलीकडं आणखी वाक्यं होती, आणि ती सगळी शाळेबद्दल होती, कारण तिला दुसरं माहीतच काय होतं.

शाळेत दर शनिवारी ‘मुक्त विचार तास’ असे. शाळेचा अभिमान होता तो. पाहुण्यांना मुद्दाम शनिवारीच बोलवत. मुलांनी उभं राहून मनात येईल तो प्रश्न विचारायचा आणि शिक्षकांनी उत्तर द्यायचं. मनात येणारे प्रश्न शुक्रवारी मधल्या सुट्टीत सर हिरव्या शाईनं चिठ्ठ्यांवर लिहून पुढच्या बाकांवर वाटत. वाईट हेतूनं नव्हे. एकदा कुणीतरी भलतंच विचारलं होतं म्हणे, तेव्हापासून. चिठ्ठ्या घरी नेऊन पाठ करायच्या, हात वर करताना जरा अडखळायचं, म्हणजे आत्ताच सुचलं असं वाटतं. मागच्या बाकांना चिठ्ठ्या पुरत नसत, म्हणून त्यांच्याकडं टाळ्या दिल्या होत्या. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. खारूलाही वाटलं नव्हतं, पाचवीपासून परवापर्यंत. उलट तिला टाळ्यांची नीट समज होती, उत्तर लांबलं तर कुठं वाजवायच्या, पाहुणा असेल तर किती वेळ. मग तिनं ते लिहिलं: ‘आमच्या शाळेत प्रश्न विचारायला बंदी नाही, फक्त ते आदल्या दिवशी सर वाटतात. पुढच्या बाकांना प्रश्न मिळतात, मागच्यांना टाळ्या.’ आणि आज हेच वाक्य वाचून सर पोट धरून हसले होते. ‘अरे वा, आमच्यावरच बाण. असू दे, असू दे, विद्यार्थ्यानं गुरूच्या चुका काढायच्या नाहीत तर कुणी काढायच्या?’ काय मोठं मन. वर्गही हसला होता. खारूला त्या क्षणी सर इतके आवडले होते की तिनं मनात त्यांची काळी कॉलर माफ करून टाकली होती.

मधल्या सुट्टीत नळापाशी तिनं डॉक्टरांच्या लेकीला गाठलं. ‘अगं, तो माझा होता,’ खारू म्हणाली. ती पाण्याची बाटली भरत होती. बाटली भरून वाहायला लागली तरी तिनं नळ बंद केला नाही. ‘मला वाटलंच कुणाचा तरी असणार,’ ती म्हणाली, ‘माझा तर अजून बॅगेत आहे. द्यायचा राहिला.’ मग हळूच, ‘मी काय करू गं? सरांनीच ठरवलं. मला बसायचं म्हटलं तरी बसता येत नव्हतं.’ तिच्या डोळ्यांत लबाडी नव्हती, नुसता कंटाळा होता, बसच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर असतो तसा. ‘तू सांग ना त्यांना. मी नाही म्हणणार नाही. फक्त मला बोलवू नका.’ खारूला वाटलं, एवढंच तर आहे. जाऊन सांगायचं. चुकून दुसऱ्याच्या घरी गेलेला शर्ट आणायला बाप तिला कितीदा पाठवायचा. बेल वाजवायची, हसायचं, आमचा इकडं आला वाटतं म्हणायचं. लोक चटकन देऊन टाकत. शिक्षकांच्या खोलीकडं जाताना ती जिन्यावरून दोन दोन पायऱ्या चढली. आत आपला आनंद कसा लपवायचा हीच काय ती काळजी होती.

सर डबा संपवून खिडकीशी हात पुसत उभे होते. ‘सर, सकाळचा निबंध माझा आहे,’ ती म्हणाली. सर हसले. ‘अगं, आवडला म्हणजे आपला होत नसतो.’ ‘नाही सर, खरंच माझा. पाकीट बघा ना.’ तेव्हा सरांनी पाकीट फोडलं. आकडा बघितला, पुन्हा बघितला, कागद उजेडाकडं धरला. तो वेळ फार नसेल, पण त्या वेळात त्यांच्या चेहऱ्यावरून एक एक गोष्ट आवरून ठेवल्यासारखी गेली: आधी हसू, मग कौतुक, मग सकाळचं ते मोठं मन. आवराआवर झाल्यावर जे उरलं ते तिच्या रोजच्या ओळखीचं होतं. ‘कुणी लिहून दिला?’ त्यांनी विचारलं. ‘कुणी नाही.’ ‘वडील शिकलेत?’ ‘नाही सर.’ ‘आई?’ ‘नाही.’ ‘मग?’ सर म्हणाले. फक्त मग. खारूला पुढं कितीतरी वेळ तो ‘मग’ आठवत राहिला. त्याच्यापुढं काय बोलायचं असतं? आपण शाळेत येतो, सर, तुम्हीच शिकवता, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण एवढी साधी गोष्ट सरांना सुचली नाही म्हणजे ती सांगण्यासारखी नसेल असं वाटून तिनं गिळली. सरांनी कागद टेबलावर पसरला आणि सकाळचीच वाक्यं पुन्हा वाचली, पण या वेळी आवाज खाली गेला नाही. दुकानात नोट खरी का खोटी बघतात तसं एक एक वाक्य उचलून, वाकडं करून वाचलं. ‘“फक्त ते आदल्या दिवशी सर वाटतात.” म्हणजे मी?’ ‘सकाळी तुम्ही हसलात, सर.’ ‘सकाळी गोष्ट वेगळी होती.’ ‘वाक्य तेच आहे ना?’ हे तिच्या तोंडून निसटलं. कोपऱ्यात पेरू कापावा तितक्या काळजीनं पेन्सिलीला टोक करत बसलेल्या चित्रकलेच्या बाई मान वर न करता म्हणाल्या, ‘बघितलंत? तोंड बघा.’ सर म्हणाले, ‘बोलायला सुचलं म्हणजे लिहायला सुचतं असं नाही. उद्या मोठ्या बाईंसमोर बस. बघू कुठून येतं हे सगळं.’ सरांच्या शर्टाच्या बाहीवर एकाशेजारी एक दोन रेघा होत्या. काल घाईत बापाची इस्त्री घसरली होती. तिला त्या दोन रेघांकडं बघवेना. जणू त्याही तिच्याच माथी लागणार होत्या.

संध्याकाळी जिन्याखाली तिनं सगळं सांगितलं. आई बोचक्यांना गाठी मारत होती, बाप मोठ्या बाईंची साडी टेबलावरून सावकाश पुढं सरकवत होता. ऐकता ऐकता त्यानं इस्त्री उभी करून ठेवली. ‘घडीचं लिही असं कुणी सांगितलं तुला?’ ‘तुम्हीच तर म्हणता रोज.’ ‘मी कापडाचं म्हणतो,’ बाप म्हणाला. आईनं विचारलं, ‘बक्षीस काय आहे?’ ‘बक्षीस काही नाही. संमेलनात स्टेजवर वाचायचा, सगळ्यांसमोर, नाव सांगून.’ ‘एवढंच ना? मग वाचू दे की तिला. घसा तिचा दुखेल.’ आणि आई स्वतःच्याच विनोदाला हसली, आणि खारूलाही हसू आलं, आणि हसता हसता रडू. मग साडीचा काठ हातानं सारखा करत बाप म्हणाला, ‘हे बघ खारू. मी शर्ट कडक करतो. घालून मिरवतो कोण? ज्याचा आहे तो. मी कधी त्याच्या मागं धावलो का, की थांब रे, ही इस्त्री माझी आहे म्हणून? करणारा वेगळा, घालणारा वेगळा. त्यात कमीपणा नाही.’ तो हे समजावणीच्या सुरात म्हणाला, रागानं नाही, आणि म्हणूनच ते तिच्या आत जाऊन बसलं. आजवर बापाचं प्रत्येक म्हणणं तिला एकतर पटायचं किंवा त्याचा राग यायचा. हे पटतही नव्हतं आणि राग कुणाचा करायचा तेही कळत नव्हतं. अंथरुणावर पडल्यावर तिला उत्तर सुचलं, की बाबा, शर्टाचं कापड त्यांचं असतं. हे कापडही माझंच होतं ना. पण तोवर बाप झोपला होता, आणि तसंही झोपेतून उठवून सांगण्यासारखं ते नव्हतं. तिला एकदम फार एकटं वाटलं. खोलीत सगळी माणसं होती, आईचा हात तिच्या अंगावर होता, पण ती जे बघत होती ते बघायला तिच्याशेजारी कुणी नव्हतं. विचार करायला लागलं की असं होतं हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. निबंधाच्या विषयात तर मुळीच नव्हतं.

मोठ्या बाईंच्या खोलीत पंखा सावकाश फिरत होता आणि प्रत्येक फेरीला कुठंतरी घासत होता. बाई खुर्चीत, सर बाजूला उभे, खारू टेबलापुढं. खुर्ची होती, पण बस म्हणालं नव्हतं कुणी. ‘पोरी, काय लिहिलंयस ते कागद न बघता सांग,’ बाई म्हणाल्या. खारूनं सांगितलं. पहिल्या शब्दापासून, स्वल्पविरामासकट. बोलता बोलता तिला पुन्हा ती दुपार आठवली, वाफ निघणारा तो इवलासा शर्ट, आणि आवाज आपोआप मोकळा झाला. संपल्यावर सर म्हणाले, ‘पाठ केलंय.’ या शाळेत पाचवीपासून तिनं पाठ करण्याखेरीज काही केलं नव्हतं. कविता पाठ, व्याख्या पाठ, प्रयोगाचे निष्कर्ष प्रयोगाच्या आधी पाठ, आणि त्याबद्दल तिला शाबासकी मिळाली होती. आज पहिल्यांदा पाठ असणं हा गुन्हा ठरला होता. बाई मात्र सरांपेक्षा हुशार होत्या. त्यांनी विचारलं, ‘हे गरम कापडाचं तुला कुठून कळलं?’ ‘रोज बघते ना बाई. तुमच्या साडीचंपण तसंच. काठ आधी, मग पदर, आणि लगेच घडी नाही घालायची.’ बाईंचा हात नकळत पदरावर गेला. सरांनी घसा साफ केला. ‘अच्छा,’ ते म्हणाले, ‘इस्त्री.’ एवढंच होतं ते. काल अख्खा वर्ग जिथून परत गेला होता त्या दारात दोघं येऊन उभे राहिले होते, आणि त्यांनी पाटी वाचली होती.

खारूला वाटलं, आता संपलं, आता हसतील. बाई हसल्याही. ‘ठीक आहे. तुझा आहे. हुशार आहेस,’ त्या म्हणाल्या. मग त्यांनी कागद सरांकडं सरकवला आणि सरांनी त्यातल्या तीन वाक्यांवर रेघ मारली, हलक्या हातानं, सवयीनं. प्रश्न वाटण्याचं गेलं, टाळ्यांचं गेलं, पाचवीतल्या घडीचं गेलं. ‘आता वाच स्टेजवर,’ बाई म्हणाल्या, ‘तुझ्या नावानं. इस्त्रीवाल्याची मुलगी असून इतकं लिहिते, हे लोकांपुढं यायलाच हवं. शाळेचंही नाव होईल.’ खारू कागदाकडं बघत राहिली. तीन वाक्यं गेल्यावर खाली जे उरलं होतं ते कुणीही लिहिलं असतं; शिक्षणानं माणूस घडतो, विचारानं समाज पुढं जातो, वगैरे. ते तिनं जागा भरायला लिहिलं होतं. तिचं असं जे होतं ते नेमकं वेचून काढलं होतं, आणि जे तिचं नव्हतं त्यावर तिचं नाव लागणार होतं. ‘बाई,’ तिनं विचारलं, ‘डॉक्टरांच्या मुलीचा असता तर ही वाक्यं राहिली असती?’ सर म्हणाले, ‘तिची गोष्ट वेगळी. ती बोलली तर लोक विचार करतात. तू बोललीस तर लोकांना वाटेल तक्रार करतेय.’ हे त्यांनी कसल्याही वाकडेपणाशिवाय सांगितलं, पाण्याचा उत्कलनबिंदू सांगावा तसं. आणि खारूच्या डोक्यात त्या क्षणी सगळं लख्ख झालं. दोन्ही मिळणार नव्हतं. नाव हवं असेल तर वाक्यं द्यायची. वाक्यं हवी असतील तर नाव. तिनं फार वेळ घेतला नाही. तिला आपलं वाटलं की नावाचं काय, नाव रोज हजेरीत आकडा होऊन पडलेलंच असतं. पण ती वाक्यं भरल्या हॉलमध्ये कुणीतरी मोठ्यानं म्हणायला हवीत. मागच्या बाकांनी ऐकायला हवीत. कुणाच्याही तोंडून असेनात का. ‘मग तिचाच राहू द्या,’ ती म्हणाली, ‘पण सगळा. रेघा न मारता.’ सरांनी बाईंकडं बघितलं. बाईंच्या चेहऱ्यावर इतका मोकळेपणा आला की त्यांनी उठून तिच्या पाठीवरून हात फिरवला. ‘समजूतदार आहेस गं पोरी. खरंच समजूतदार आहेस.’

बाहेर व्हरांड्यात डॉक्टरांची लेक भिंतीला टेकून उभी होती. तिलाही बोलावणं गेलं होतं. ‘काय झालं?’ ‘तूच वाचायचायस. सगळा. एकही शब्द गाळायचा नाही, शपथ घे.’ ‘ती वाक्यंपण?’ ‘तीच तर.’ तिचा चेहरा पांढरा पडला. ‘वेडी आहेस का? पप्पा पहिल्या रांगेत असतात. शाळेच्या कमिटीवर आहेत ते. सर वाटतात न् टाळ्या न् घडी, हे मी म्हणू? घरी गेल्यावर मला जेवताना एकेक वाक्याचा अर्थ सांगायला लावतील.’ ‘पण काल तर तू उभी राहिलीस.’ ‘उभं राहायला काय लागतं?’ ती म्हणाली. मग एकदम चिडून, डोळ्यांत पाणी आणून, ‘तुला काय गं, तुला सोपंय. तू काहीही बोललीस तरी तुझ्या घरी कोण आहे ऐकायला. तुम्हाला कुणी विचारत नाही म्हणून तुम्हाला बोलता येतं.’ खारूला तिच्या कानफटात द्यावीशी वाटली, आणि त्याच वेळी तिची कीवही आली, आणि या दोन्हींच्या खाली कुठंतरी एक गार, स्वच्छ भीती हलली. म्हणजे कुणीच म्हणणार नव्हतं. तिनं आपलं नाव काढून ठेवलं होतं ते ही वाक्यं त्या मोठ्या घरातून सुखरूप पलीकडं जातील म्हणून, आणि त्या घरात तर तिच्या घराहूनही कमी हवा होती. उद्या ही पोरगी स्टेजवर उभी राहील, तीन वाक्यं ओलांडून पुढं जाईल, काही गाळलंय हे हॉलमध्ये एका माणसालाही कळणार नाही, आणि आत खोलीत आत्ता या क्षणी दोन मोठी माणसं चहा मागवत एकमेकांना सांगत असतील की पोरगी समजूतदार निघाली. हा शब्द तिला अंगावर ओल्या कपड्यासारखा लागला. तो तिनं मिळवला होता. बापानं जे काल प्रेमानं सांगितलं तेच तिनं आज आपल्या अकलेनं केलं होतं; कडक आपण करायचं आणि घालायला दुसऱ्याला द्यायचं. आणि वर तिला वाटलं होतं, आपण काहीतरी निराळं केलं.

दार ढकलताना तिनं आत येऊ का असं विचारलं नाही. सर खरंच हसत होते, कशाला कोण जाणे. ‘आता काय गं?’ बाई म्हणाल्या. तिचा आवाज लटपटला नाही, आणि तिला स्वतःलाच त्याचं नवल वाटलं. ‘बाई, तो निबंध माझा आहे,’ ती म्हणाली, ‘सगळा. ती वाक्यं काढायची नाहीत आणि दुसऱ्या कुणाला द्यायची नाहीत. मी समजूतदार नाहीये.’ पंखा घासून एक फेरी गेला. पुढं काय होणार ते तिला साधारण दिसत होतं: स्टेज नाही, बापाला बोलावणं, शर्टाला हात पुसत तो इथं याच जागी उभा राहील, कुणी बस म्हणणार नाही, कदाचित वर्गही बदलतील तिचा. बाईंच्या तोंडावरचं हसू हळूहळू घडी होऊन गेलं. ‘लिहून घ्या हो,’ त्या सरांना म्हणाल्या, ‘उद्धट वर्तन. पालकांना बोलवा.’ सरांनी टेबलावरचा शेऱ्यांचा कागद ओढला, पेनाचं टोपण काढलं, आणि थांबले. पाचवीपासून ते तिला मराठी शिकवत होते. ‘नाव काय तुझं?’ त्यांनी विचारलं. ‘पूर्ण सांग.’

तिनं सांगितलं. स्वतःचं, बापाचं, आडनाव, त्याच क्रमानं, आणि सरांना नीट लिहून घेता येईल इतकं सावकाश.